मोठं नाव आणि उघडी वही



मागच्या पावसाळ्यात आमच्या भागातली एक पतसंस्था बंद पडली. तिचं नाव इथे घेत नाही, कारण अशा संस्था एकच नाही, अनेक झाल्या. फरशी चकचकीत, भिंतीवर मोठ्या माणसांचे हार घातलेले फोटो, दिवाळीला सगळ्या ठेवीदारांना कॅलेंडर. "एवढी मोठी माणसं आहेत, आपला पैसा कुठे जातोय?" असं म्हणून बायांनी म्हैस विकलेले, कापसाचे, लेकीच्या लग्नासाठी जमवलेले पैसे तिथे ठेवले होते. एका सोमवारी कुलूप लागलं आणि पावसात बायांची रांग लागली.

त्याच आठवड्यात आमच्या एका गटाची बैठक होती. कुणाचंच लक्ष हप्त्यात नव्हतं. कोपऱ्यातल्या एक मावशी उठल्या आणि आम्हालाच म्हणाल्या, "ते बुडाले. उद्या तुम्ही बुडणार नाही कशावरून?"

आम्ही म्हणालो, "मावशी, आम्ही तर तुमच्याच."

मावशी म्हणाल्या, "तेही आपलेच होते."

आम्ही गटांचं काम बघणाऱ्या जणी. दहा-बारा वर्षं वह्या लिहितोय, बँकेत खेपा घालतोय. राग आला, खरं सांगतो. पण घरी गेल्यावर वाटलं, मावशींचं चुकलं काय? भरवसा कशावर ठेवायचा, हे त्यांनी विचारलं होतं आणि आम्ही उत्तरात फक्त नातं सांगितलं होतं.

उत्तर शोधताना एक जुनी गोष्ट हाती लागली. ती आपल्याकडची नाही, इंग्लंडची आहे. पण सहकाराची जी वाट आपण आज चालतो, त्या वाटेवरचं एक मोठं ठिकाण ते आहे. म्हणून आज ती सांगतो.

गोष्ट १८४४ सालची. इंग्लंडच्या उत्तरेला मँचेस्टरजवळ रॉचडेल नावाचं गाव. तिथे लोकरीचं फ्लॅनेल कापड विणणारे मजूर राहायचे. गिरण्या वाढत होत्या, विणकरांची मजुरी घटत होती. घरात चार जणं राबली तरी पोट भरेल याची खात्री नव्हती.

मजुरी कमी, हा एक जाच. दुसरा जाच दुकानाचा. काही गिरणीमालक मजुरी रोख द्यायचेच नाहीत. स्वतःच्या दुकानातून माल उचला म्हणायचे, आणि तो माल महाग नि हलका असायचा. १८३१ साली या पद्धतीविरुद्ध कायदा झाला, तरी ती लगेच संपली नाही. इतर दुकानदारांकडे उधारी. आता उधारी म्हणजे काय, हे आपल्याला कुणी सांगायला नको. ज्याच्या वहीत आपलं नाव आहे, त्याला "तुझं पीठ वाईट आहे" असं म्हणता येत नाही. वजन कमी भरलं तरी खाली मान घालून पिशवी उचलायची.

आणि भेसळ तर सगळीकडे. पाव पांढराशुभ्र दिसावा म्हणून पिठात तुरटी. एकदा उकळलेली चहापत्ती वाळवून, रंगवून पुन्हा विक्रीला. लोणचं हिरवंगार दिसावं म्हणून तांब्याचा क्षार. चीजला लाली यावी म्हणून शेंदूर. फ्रेडरिक अॅकम नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८२० साली लंडनमध्ये पुस्तक छापून हे सगळं उघड केलं होतं. लोकांनी वाचलं, हळहळले आणि तेच पीठ विकत घेत राहिले. करणार काय? दुसरं दुकानही तसंच.

या विणकरांतले काही जण एकत्र आले. ठरलं की आपलं दुकान काढायचं. दर आठवड्याला प्रत्येकाने दोन पेन्स द्यायचे. त्या वेळी एका पौंडात २४० पेन्स असत. म्हणजे दोन पेन्सनी एक पौंड साठायला १२० आठवडे, सव्वादोन वर्षं! पुढे त्यांनी हप्ता तीन पेन्स केला. रविवारी घरोघर फिरून कुणीतरी तो गोळा करायचं. मैत्रिणींनो, दहा-वीस रुपयांपासून बचत सुरू केलेल्या जणींना यातलं काहीच नवीन वाटणार नाही.

असे २८ पौंड जमले. सभासदही २८ धरले जातात. टोड लेन नावाच्या गल्लीत एका गोदामाचा तळमजला वर्षाला दहा पौंड भाड्याने घेतला. आणि २१ डिसेंबर १८४४ च्या संध्याकाळी, ऐन थंडीत, दुकान उघडलं. माल किती? थोडं लोणी, थोडी साखर, पीठ, ओटचं पीठ आणि मेणबत्त्या. सगळा मिळून सतरा पौंडांचाही नव्हता. गल्लीतली पोरं बाहेर उभी राहून खिदळत होती. आपल्या बायांनी पहिल्यांदा आठवडी बाजारात पापड मांडले, तेव्हा लोक कसे बघत होते ते आठवा.

या दुकानाला नाव नव्हतं, भांडवल नव्हतं, मागे कुणी मोठा माणूस नव्हता. मग लोकांनी भरवसा का ठेवावा? त्यांच्याजवळ होते फक्त नियम. ते नियम काय होते, ते नीट ऐकू या.

पहिला नियम, माल शुद्ध आणि माप पूर्ण. दुसरा, उधारी नाही, रोख द्या आणि न्या. तिसरा, भाव बाजारभावाएवढाच, पण जो नफा उरेल तो ज्याने जितकी खरेदी केली त्या हिशोबाने त्यालाच परत. चौथा, ज्याचा एक पौंड आहे त्याला एक मत आणि ज्याचे पन्नास आहेत त्यालाही एकच मत, मग तो पुरुष असो की बाई. आणि पाचवा, हिशोब ठरलेल्या मुदतीत सभेपुढे मांडायचा, तोही तपासून घेतलेला, आणि कारभारी निवडून द्यायचे.

आता यातला प्रत्येक नियम उलटून बघा. नफा गिऱ्हाइकालाच परत जाणार असेल, तर पिठात तुरटी मिसळून फसवायचं कुणाला? विकणारा आणि घेणारा एकच. उधारी नसेल, तर गिऱ्हाईक मिंधं नाही. माल वाईट निघाला तर तोंडावर म्हणू शकतं. आणि हिशोब सभेपुढे येणार असेल, तर कारभाऱ्याला हात मारायला जागा कमी. "आम्ही चांगली माणसं आहोत, विश्वास ठेवा" असं त्यांनी म्हटलं नाही. माणूस बिघडला तरी कारभार बिघडायला अवघड जावा, अशी मांडणी केली.

यात एक उणीवही होती, ती झाकायला नको. रोखीचा नियम चांगला, पण अगदी हातावर पोट असलेल्यांना या दुकानात येणं जमायचं नाही. त्यांना उधारीच्या दुकानाशिवाय दुसरा आधार नव्हता. आपल्याही गटांत सगळ्यात गरीब बाई हप्ता जमत नाही म्हणून बाहेर राहते. तेव्हाही हा प्रश्न होता, आजही आहे.

दुकान हळूहळू चाललं. १८४५ अखेर सभासद ७४, १८४८ अखेर १४०. चार वर्षांत एवढेच. गावातले बहुतेक लोक आपली शिल्लक तिथे ठेवत नव्हते. कारण गावात एक बचत बँक होती आणि तिला मोठं नाव होतं.

मैत्रिणींनो, इथे गोष्ट आपल्या अंगणात येते.

ही रॉचडेलची बचत बँक गरिबांच्या शिलकीसाठीच होती. विश्वस्त म्हणून गावातल्या प्रतिष्ठित लोकांची नावं. रोजचा कारभार बघणारा माणूस पैसेवाला कारखानदार, धर्माने चालणारा, गावात मान असलेला. त्याच्याकडे बघून लोक पैसे ठेवायचे. १८४९ च्या अखेरीस तो माणूस वारला. वह्या उघडल्या, तेव्हा कळलं की सत्तर हजार पौंडांहून अधिक रक्कम गायब आहे. वर्षानुवर्षं तो ठेवीदारांचे पैसे वापरत होता. विश्वस्तांची नावं पाटीवर होती, पण वही कुणी नीट बघितलीच नव्हती. एवढा मोठा माणूस, त्याला हिशोब विचारायचा कसा!

आम्ही हे वाचलं आणि पावसातली ती रांग डोळ्यांसमोर आली. पावणेदोनशे वर्षं झाली, देश वेगळा, माणसं वेगळी. पण बुडण्याची रीत तीच.

मग गावातल्या लोकांनी काय केलं? टोड लेनच्या दुकानाचे सभासद १८४८ अखेर १४० होते, ते १८४९ अखेर ३९० झाले आणि १८५० अखेर ६००. सगळी वाढ बँक बुडाल्यामुळेच झाली असं म्हणता येणार नाही, कारण दुकानाची पत आधीपासून वाढत होती. पण ज्या दुकानाला पोरं हसली होती, तिथे लोक आता आपली शिल्लक घेऊन यायला लागले. १८४५ साली वर्षाची विक्री ७१० पौंड होती, ती १८५० साली १३ हजार पौंडांवर गेली. लोकांना कळलं होतं की बँकेचं नाव मोठं होतं पण वही बंद होती, आणि दुकानाचं नाव लहान असलं तरी वही उघडी होती.

या प्रकारच्या बचत बँका इंग्लंडमध्ये आणखीही बुडाल्या. गरिबाची बचत सरकारने हमी देऊन सांभाळावी, हा विचार त्यातून बळावला आणि १८६१ साली तिथे पोस्टाची बचत बँक सुरू झाली. आपल्या देशात ती १८८२ साली आली. आपल्या आजीच्या पेटीत जे पोस्टाचं पुस्तक असायचं, त्याच्यामागे अशा बुडालेल्या ठेवींचा इतिहास आहे.

आता पिठाकडे परत येऊ. १८५० साली या लोकांनी स्वतःची पिठाची गिरणी काढली, कारण विकत आणलेलं पीठ शुद्धच असेल याची खात्री देता येत नव्हती. गिरणीतून शुद्ध पीठ आलं आणि वेगळीच अडचण उभी राहिली. लोकांना त्या पिठाचा रंगच पटेना! तुरटीच्या पांढऱ्याफेक पिठाची डोळ्यांना सवय झालेली. शुद्ध पीठ मळकट दिसतं म्हणून तक्रारी आल्या. त्यात गिरणीला सुरुवातीला तोटाही झाला आणि बंद करा म्हणणारे निघाले. पण गिरणी टिकली, आणि हळूहळू लोकांना खऱ्या पिठाची चव कळली.

हे वाचताना आम्ही एकमेकींकडे बघितलं. कारण आमची मिरचीपूड. आम्ही गटाची मिरची वाळवून, देठ खुडून, डोळ्यांसमोर कांडून आणतो. बाजारात शेजारच्या पाटावरची पूड लालभडक, आमची जरा तपकिरी. गिऱ्हाईक दोन्हींकडे बघतं आणि तिकडे वळतं. मागच्या मोसमात आमच्यातलीच एक जण म्हणाली, "चिमूटभर रंग घातला तर काय होतं? खायचाच रंग असतो तो." त्या दिवशी बराच वाद झाला. पूड पडून होती, कर्जाचा हप्ता जवळ आला होता, ती काही वाईट मनाने बोलली नव्हती. शेवटी रंग घातला नाही. पण तेव्हा आमच्याजवळ सांगायला कारण नव्हतं, फक्त भीती होती. आता कारण आहे. एकदा रंग घातला, की पुढच्या वेळी खरी पूड आपल्याच गिऱ्हाइकाला खोटी वाटणार. भेसळ माल तर बिघडवतेच, घेणाऱ्याची पारखही बिघडवते.

असं चिमूटभर कुठवर जातं, तेही इंग्लंडने बघितलं. १८५८ साली ब्रॅडफर्ड गावात पेपरमिंटच्या गोळ्या खाऊन वीसच्या आसपास माणसं मेली, दोनशेवर आजारी पडली. गोळ्या करणारा साखर वाचवण्यासाठी त्यात नेहमीच एक स्वस्त पांढरी भुकटी मिसळायचा. त्या दिवशी भुकटीऐवजी चुकून सोमल दिला गेला. म्हणजे चूक एका दिवसाची, पण मिसळायची सवय रोजची. त्याआधी १८५१ ते १८५४ या काळात डॉ. आर्थर हॅसॉल यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बाजारातले जिन्नस तपासले होते आणि 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्राने दुकानांच्या नावपत्त्यांसकट निकाल छापले होते. नाव छापलं जाणार म्हटल्यावर दुकानदार सावध झाले. १८६० साली भेसळीविरुद्धचा कायदा आला आणि १८७५ साली जास्त कडक कायदा झाला. पण लक्षात घ्या, रॉचडेलच्या विणकरांनी शुद्ध मालाचा नियम केला तो कायद्याच्या सोळा वर्षं आधी.

आणि बायांचं काय? त्या काळी इंग्लंडात लग्न झालेल्या बाईच्या कमाईवर कायद्याने नवऱ्याचा हक्क असायचा. १८७० साली कायदा बदलायला लागला, तो १८८२ साली पुरता बदलला. पण टोड लेनच्या दुकानात १८४६ साली एलायझा ब्रिअर्ली नावाची बाई स्वतःच्या नावाने सभासद झाली. होलिओक नावाच्या लेखकाने त्याच काळात या दुकानाचा इतिहास लिहिला. तो सांगतो की काही बाया नवऱ्याने पैसे दारूत घालवू नयेत म्हणून शिल्लक इथे ठेवायच्या, आणि बायकोच्या सहीशिवाय दुकान तो पैसा नवऱ्याच्या हाती द्यायचं नाही. नवऱ्याला कायद्याने मागता आला असता, पण त्या खटाटोपाला वेळ लागायचा, आणि तोवर त्याची उतरलेली असायची! हसू येतं, पण बाईच्या दृष्टीने संस्थेवरचा भरवसा म्हणजे काय, ते यातून समजतं. आपण नसताना आपला पैसा आपलाच राहील, हा तो भरवसा.

ही वाट आपल्याकडेही आली. १९०४ साली हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा झाला. १९६० च्या महाराष्ट्राच्या सहकार कायद्यातही एका सभासदाला एकच मत आहे. आपल्या बचत गटाच्या पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र आठवा, नियमित हिशोब. पण सूत्र पाठ असणं वेगळं आणि वही उघडणं वेगळं. बुडालेल्या पतसंस्थेच्या भिंतीवरही 'विना सहकार नाही उद्धार' लिहिलेलं होतं.

आता आमची गोष्ट पुरी करतो. मावशींच्या प्रश्नानंतर आम्ही ठरवलं की त्या गटाची वही सगळ्यांपुढे वाचायची. मनात धाकधूक होती, कारण त्या गटात आधीच कुजबुज होती. बँकेचं पासबुक आणि गटाची वही यांच्यात ११५० रुपयांचा फरक होता. वही सचिव ताईंकडे असायची, त्यामुळे बोट त्यांच्याकडे होतं. तोंडावर कुणी बोललं नाही, पण ताईंनी हळदीकुंकवाला येणंही सोडलं होतं. आणि आम्हीही, वाद नको म्हणून, ते प्रकरण तसंच राहू दिलं होतं. ती चूक आमची.

त्या दिवशी वही ओळीओळीने वाचली. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी आपापलं पासबुक नातवंडाकडून वाचून घेऊन आणलं होतं. दोन तास लागले. शेवटी सापडलं. दोघींनी एकाच दिवशी केलेली परतफेड बँकेत भरली होती, पण वहीत चढवायची राहिली होती. पैसे बँकेत होते, एक रुपयाही कमी नव्हता. ताई रडल्या. मावशी उठून त्यांच्याजवळ जाऊन बसल्या.

त्या दिवशी आम्हाला एक गोष्ट समजली, जी आधी डोक्यात आली नव्हती. उघडी वही ठेवीदाराला राखते, हे आम्हाला माहीत होतं. पण ती वही लिहिणाऱ्या प्रामाणिक बाईलाही राखते. वही बंद असली की चोर आणि सज्जन सारखेच दिसतात.

म्हणून या महिन्याच्या बैठकीत चार गोष्टी करून बघा. हप्ते गोळा झाल्यावर बचत, कर्ज आणि शिल्लक मोठ्याने वाचून दाखवा. पासबुक हातोहात फिरवा. सचिव आणि अध्यक्ष ठरलेल्या मुदतीत बदला, त्या कितीही चांगल्या असल्या तरी. आणि आपला माल विकताना, त्यात काय आहे आणि कधी केला ते पिशवीवर लिहा. पूड तपकिरी असेल तर तपकिरीच का, तेही गिऱ्हाइकाला सांगा.

मोठ्या कंपन्या जाहिरातीवर किती खर्च करतात ते आपण टीव्हीवर बघतोच. आपल्याजवळ तो पैसा नाही. टोड लेनच्या विणकरांजवळही नव्हता.

आमच्या त्या गटात आता दर महिन्याला वही वाचली जाते. मावशी अजूनही विचारतात, "सगळं बरोबर आहे ना गं?" पूर्वी त्या प्रश्नाने आम्हाला राग यायचा. आता त्या विचारायच्या विसरल्या, तर आम्हीच त्यांच्या हातात वही देतो.

तुमच्या गटात असं काही घडलं असेल, तर आपल्या रेडिओ केंद्रावर येऊन नक्की सांगा.